छापा पडला, मुली सुटल्या. पुढे काय होतं? (बांगलादेश ते मुंबई-पुणे)

पाऊलवाट (धागाकर्ती)

"देहविक्रीच्या अड्ड्यावर छापा, पाच तरुणींची सुटका, दोघे अटकेत." ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो की डोळे तिच्यावरून घसरतात. त्या पाच जणींचं पुढे काय होतं, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. मी पुणे जिल्ह्यातल्या एका निवारागृहात समुपदेशक आहे. संस्थेचं नाव किंवा कुठल्याही मुलीची ओळख पटेल असा तपशील इथे देणार नाही. प्रतिसादांतही कुणी विचारू नये, ही विनंती.

आमच्याकडे बांगलादेशातून आणलेल्या बऱ्याच मुली येतात, त्यात खुलना विभागातल्या जास्त. सातखिरा, जशोर, नडाईल ही नावं आता मला बारामती-इंदापूरसारखी तोंडपाठ झाली आहेत. ब्यूटी पार्लर, शिवणकाम, घरकाम यांचं आमिष दाखवलेलं असतं. ओळखीचा माणूस किंवा फोनवर जमलेला "मित्र" सोबत असतो. रात्री बोनगावच्या आसपास सीमा ओलांडायची, हावड्याहून गाडी पकडायची, कल्याण नाहीतर पुण्याला उतरायचं. भारत-बांगलादेश सीमा 4,096 किलोमीटरची आहे. तिच्यात नद्या आहेत, शेतं आहेत, एकमेकांना टेकलेली गावं आहेत. कुंपण आणि पहारा असला तरी रात्रीची पायवाट दलालाला ठाऊक असते. मुलीला मात्र आपण नेमकं कुठून आलो, हेच माहीत नसतं.

ती आमच्याकडे आली की मोठं काम सुरू होतं ते तिचं घर शोधण्याचं. पिनकोड तिला माहीत नसतो. उपजिल्हा सांगते, पण तोही कधी चुकीचा. एक मुलगी "कालीगंज" म्हणाली. बांगलादेशात कालीगंज नावाचे उपजिल्हेच चार आहेत: सातखिऱ्यात, झिनाइदहमध्ये, गाझीपूरमध्ये आणि लालमोनिरहाटमध्ये. नुसतं कालीगंज लिहून पत्र पाठवलं असतं तर ते महिनोन्‌महिने फिरून परत आलं असतं. मग आम्ही विचारत बसलो. हाट कुठल्या वारी भरतो? नाव कुठल्या घाटाला लागते? तुझ्या मदरशाच्या समोर काय होतं? घेर म्हणजे कोळंबीची तळी होती का गावाजवळ? "होती, बाबा तिथेच मजुरीला जायचे," म्हणाली. कोळंबीच्या घेरांवरून सातखिरा ठरलं. घाटाच्या नावावरून युनियन सापडलं, म्हणजे तिकडची ग्रामपंचायत. दुपारभर चाललेल्या या बोलण्यात तिच्यावर काय गुदरलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

पत्ता हाती लागला की कागद निघतो. मुलगी अल्पवयीन असेल तर बाल कल्याण समिती, सज्ञान असेल तर दंडाधिकारी, तिथून राज्याचा महिला व बालविकास विभाग, बांगलादेशचं मुंबईतलं उपउच्चायुक्तालय, मग ढाक्यातलं गृहमंत्रालय. तिथले पोलिस गावात जाऊन ती खरंच तिथली आहे का, हे तपासतात. दुजोरा मिळाला की प्रवास परवाना. इकडे एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाची परवानगी, पोलिस बंदोबस्तात रेल्वेने कोलकाता, आणि पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर बीएसएफने बीजीबीच्या, म्हणजे बांगलादेशच्या सीमा दलाच्या हवाली करायचं. पलीकडे तिकडच्या संस्थेची कार्यकर्ती उभी असते. दोन्ही देशांत यासाठी कृती दल आहे, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप आरआरआरआय. सुटका, ताबा, घरवापसी, पुनर्वसन अशी चार कामं त्याच्याकडे आहेत. 2015 साली पंतप्रधानांच्या ढाका भेटीत याविषयी सामंजस्य करारही झाला. कागदावर सगळं आहे. तरी या साखळीतून पार पडायला एका मुलीला सहज वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आणि तिला आणणारा दलाल त्याआधीच जामिनावर सुटलेला असतो.

माझं म्हणणं असं की छाप्याला आपण जेवढं बळ लावतो, तेवढंच पहिल्या जबाबाला, पत्त्याच्या शोधाला आणि सीमेपलीकडून मिळणाऱ्या साक्षीला लावलं पाहिजे. खटले पडतात ते तिथे.

माहीमची_खाडी

ताई, लेख वाचून गलबलून आलं. पण मनात आलेलं स्पष्ट विचारते. या मुली शेवटी विनाकागद देशात आलेल्या आहेत. सध्या बेकायदा राहणाऱ्यांना परत पाठवण्याची मोहीम चालू आहेच, मग वर्षभर सरकारी खर्चाने ठेवून घेण्यापेक्षा लगेच का पाठवत नाहीत?

पाऊलवाट

प्रश्न रास्त आहे. दोन कारणं सांगते.

पहिलं कायद्याचं. स्वतःहून चोरून सीमा ओलांडणारा आणि फसवून किंवा बळाने आणलेला, यांत कायदा फरक करतो. केंद्रीय गृहमंत्रालयाने 1 मे 2012 ला सगळ्या राज्यांना सूचना दिली होती. परदेशी स्त्री किंवा मूल तस्करीत सापडलं आहे, स्वतःच्या मर्जीने आलेलं नाही, असं चौकशीत दिसलं तर परदेशी नागरिक कायद्याखाली तिच्यावर आरोपपत्र लावू नये, लावलं असेल तर मागे घ्यावं. ती गुन्ह्याची बळी आहे आणि खटल्यातली मुख्य साक्षीदारही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रात्रीच्या अंधारात सीमेवर नेऊन सोडलेली मुलगी कुणाच्या हाती पडेल? पलीकडे तिची वाट पाहत बहुधा तोच दलाल उभा असतो. घरचा पत्ता न तपासता पाठवलेली मुलगी काही महिन्यांनी दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरात सापडते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. काही वेळा तर विकणारा घरातलाच असतो. तपासाशिवाय परत पाठवणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्याच ताब्यात देणं.

वकिली_डायरी

पाऊलवाटताई, उत्तम धागा. मी फौजदारी वकिली करतो, तस्करीच्या खटल्यांत बळीच्या बाजूने काही वेळा उभा राहिलो आहे. कायद्याची बाजू थोडी मांडतो.

घटनेच्या 23 व्या कलमानेच माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी आहे. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, ज्याला पोलिस ठाण्यात सगळे "पिटा" म्हणतात, तो फक्त देहविक्रीपुरता. खरी ताकद 2013 मध्ये आली. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर भारतीय दंड संहितेचं 370 वं कलम बदललं आणि तस्करीची व्यापक व्याख्या झाली. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं 143 वं कलम आहे. सज्ञान व्यक्तीच्या तस्करीला किमान सात वर्षं सक्तमजुरी, बालकाच्या तस्करीला किमान दहा वर्षं ते जन्मठेप. आणि फसवून, धमकावून किंवा पैशाच्या जोरावर आणलेल्या व्यक्तीची "संमती" ग्राह्य धरायची नाही, हे कलमातच लिहिलं आहे. "ती आपल्या पायांनी आली" हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या "प्रेरणा" संस्थेच्या याचिकेवरचा, 2003 च्या निकालपत्रांत छापलेला. छाप्यात सापडलेल्या मुलींना आरोपींसारखं वागवून सोडून दिलं जात होतं, आणि त्यांना "सोडवायला" येणारा वकील घरवालीनेच, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईनेच नेमलेला असायचा! न्यायालयाने सांगितलं की मुलगी अठराच्या आतली असेल तर ती बाल कल्याण समितीकडेच जाईल, वय तपासलं पाहिजे, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल आल्याशिवाय सोडायचं नाही, आणि आरोपीच्या वकिलाला त्याच खटल्यात मुलीच्या वतीने उभं राहता येणार नाही. शेवटच्या मुद्द्याने केवढा फरक पडला, ते कोर्टात बसणाऱ्यालाच कळेल.

साक्षीबद्दल. मुलगी एकदा बेनापोल ओलांडून गेली की तिला उलटतपासणीसाठी परत कसं आणणार? आणूही नये. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेता येते, असं सांगून ठेवलं आहे. 2022 च्या सुरुवातीला तस्करीतल्या बालसाक्षीदारांसाठी त्याची कार्यपद्धतीही घालून दिली: मूल राहतं त्या जिल्ह्यातून साक्ष, तिथे न्यायालयाने नेमलेला समन्वयक, शेजारी आरोपीचा माणूस नाही. देशांतर्गत हे हळूहळू रुळतंय. सीमेपलीकडे अडतं, कारण तिथे परस्पर कायदेशीर साह्याच्या कराराने जावं लागतं. बांगलादेशशी तो करार 2010 मध्ये झालेला आहे. पण विनंतीपत्र तयार करून दिल्लीमार्गे ढाक्याला पाठवायचा खटाटोप कितीसे तपास अधिकारी करतात?

म्हणून माझा आग्रह असतो की मुलगी इथे असतानाच दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब नोंदवून घ्या, आणि सरकारी वकिलाने तिची साक्ष प्राधान्याने लावून घेण्याचा अर्ज करावा. ती थांबली आहे तोवर थांबण्याचं सार्थक तरी व्हावं.

कृष्णाकाठ

सांगलीचा आहे. "संग्राम" ही संस्था आणि "वॅम्प" ही देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची संघटना, यांचं काम जवळून पाहिलंय, म्हणून दुसरी बाजू मांडणं भाग आहे. छाप्यात सापडलेली प्रत्येक बाई विकून आणलेलीच असते, असं धरून चालणं चूक आहे. सज्ञान, स्वतःच्या निर्णयाने धंदा करणाऱ्या, मुलांची शिक्षणं करणाऱ्या बायांनाही उचलून सुधारगृहात डांबतात. पिटाच्या 17 व्या कलमाखाली एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. तोवर तिच्या पोरांचं काय? घरभाडं कोण भरतं? बाहेर येते तेव्हा डोक्यावर कर्ज चढलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात सांगितलंय की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना छाप्यात अटक, दंड, छळ करू नये आणि इच्छेविरुद्ध डांबून ठेवलेल्यांची प्रकरणं तपासून त्यांना मुक्त करावं. तस्करीविरुद्धची लढाई या बायांच्या विरोधात जाता कामा नये. वस्तीत नवीन, घाबरलेली, भाषा न येणारी पोरगी आणली गेली तर ते सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. त्यांचा विश्वास असेल तर खबर मिळते.

पाऊलवाट

कृष्णाकाठ, अगदी मान्य. आमच्याकडेही अशा स्त्रिया येतात आणि पहिल्या दिवसापासून "मला घरी जाऊ द्या" एवढंच म्हणतात. त्यांचं ऐकून घेऊन तसा अहवाल न्यायालयात जायला हवा. फरक ओळखायला वेळ लागतो, दलालाने पढवलेली मुलगीही सुरुवातीला "माझ्या मर्जीने" असंच म्हणते. म्हणूनच चौकशी नीट, वेगळ्या खोलीत, दुभाष्यासह आणि घाई न करता व्हावी. सरसकट सगळ्यांना ठेवणं आणि सरसकट सगळ्यांना सोडणं, दोन्हीत कुणातरी एकीचं आयुष्य चिरडतं.

निवृत्त_हवालदार

पोलिस खात्यातून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षात होतो. प्रशिक्षणाबद्दल लिहितो, कारण त्याने काय बदलतं ते स्वतः अनुभवलंय.

साधारण 2006 ते 2008 च्या दरम्यान गृहमंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने पाच राज्यांत पोलिस आणि सरकारी वकिलांची प्रशिक्षणं घेतली. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. त्याआधी आमची समज एवढीच, की छापा म्हणजे बनावट ग्राहक, खुणेच्या नोटा, पंचनामा, संपलं. पुढे शिकवलं ते असं:

छाप्याला पंचांत एक तरी महिला हवी आणि सोबत किमान दोन महिला पोलिस. हे पिटाच्या 15 व्या कलमातच आहे, पण पाळलं जात नसे. आत गेल्यावर घरवाली आणि मुली यांना एका गाडीत बसवायचं नाही. ठाण्यापर्यंतच्या अर्ध्या तासात घरवाली सगळ्या मुलींना काय बोलायचं ते पढवून ठेवते. नुसत्या डोळ्यांनी. भिंतीमागे, माळ्यावर, संडासाच्या वर केलेल्या पोकळीत मुली कोंबलेल्या असतात. भिंत ठोकून बघायची, आतल्या आणि बाहेरच्या मापात फरक येतो का ते पाहायचं. हिशेबाची वही आणि मोबाइल आधी ताब्यात घ्यायचे. मुलीच्या "कर्जा"ची नोंद त्या वहीत असते. पैसे कुठल्या खात्यावर, कुठल्या नंबरवर गेले, यावरून वरची साखळी सापडते. बांगलादेशच्या प्रकरणांत तर तिकडच्या मोबाइल-पैशाच्या एजंटपर्यंत धागा जातो.

अडचण कुठे येते? प्रशिक्षण घेतलेला माणूस दोन-तीन वर्षांत बदलून जातो. कक्षात नेमलेल्याला गणपती बंदोबस्त चुकत नाही, निवडणूक चुकत नाही. कक्ष कागदावर राहतो. मुलीच्या पहिल्या जबाबाला बंगाली जाणणारं माणूस न मिळणं हे तर नेहमीचंच. मग कोण बोलावलं जातं? त्याच वस्तीतला कुणीतरी. तो आरोपीचा चुलतभाऊ निघाला, असंही झालंय.

दोन देशांनी मनावर घेतलं तर किती लवकर होतं, याचं उदाहरण बेंगळुरूचं. मे 2021 मध्ये एका बांगलादेशी तरुणीवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ फिरला. आसाम पोलिसांनी आरोपींचे फोटो प्रसिद्ध केले, ढाका पोलिसांनी त्यातला एक ओळखला, बेंगळुरू पोलिसांनी आरोपी पकडले आणि तरुणीला केरळातून शोधून आणलं. मे 2022 मध्ये निकाल लागून सात जणांना जन्मठेप झाली. वर्षाच्या आत! तिची साक्ष ताजी असताना नोंदली गेली, हे त्यातलं मर्म.

नीलमोहर

हवालदार काका, "नुसत्या डोळ्यांनी" वाचून काटा आला. तुमच्यासारख्यांनी असंच लिहीत राहावं.

गंडकी_ते_गोदा

नोकरीनिमित्त गोरखपूरला काही वर्षं काढली, सोनौलीच्या नाक्यावर बरंच जाणं-येणं होतं. भारत-नेपाळ सीमा खुली, 1950 च्या मैत्री करारापासूनची. साधारण 1,750 किलोमीटर, व्हिसा-पासपोर्ट काही नको. त्यामुळे तिथे अडवायचं कुणाला, हाच प्रश्न. अनुराधा कोइराला यांनी 1993 मध्ये स्थापन केलेल्या "माइती नेपाल"च्या मुली तिथे उभ्या असतात. त्यांतल्या काही स्वतः या नरकातून परत आलेल्या. मी त्यांना काम करताना पाहिलंय. एक मुलगा-मुलगी सायकल रिक्षातून आली. एकीने मुलीला बाजूला घेतलं, दुसरीने मुलाला. दोघांना तेच प्रश्न: लग्न कधी झालं, सासूचं नाव काय, कुठे उतरणार, तिकडे ओळखीचं कोण? मुलाने सांगितलं दिल्लीत बहिणीकडे. मुलीने सांगितलं मुंबईला कामाला. पाच मिनिटांत उलगडा झाला. पुढचं एसएसबीच्या, म्हणजे या सीमेवर पहारा देणाऱ्या आपल्या दलाच्या जवानांनी पाहिलं.

मुंबईशी याचा संबंध जुना आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडून चारशेहून जास्त मुली सोडवल्या होत्या, त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. नेपाळ सरकारने त्यांना लगेच स्वीकारलं नाही. महिने गेले. अखेर तिकडच्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन मुलींना परत नेलं. घरवापसीची ठरलेली पद्धत नसली की काय होतं, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं. सार्कचा तस्करीविरोधी करार 2002 मध्ये काठमांडूलाच झाला.

अभ्यासिका_7

समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. संशोधनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने 2002-03 मध्ये पी. एम. नायर आणि शंकर सेन यांनी केलेला अभ्यास अजूनही पायाभूत मानला जातो. त्यांनी नुसत्या पीडितांशी नाही, तर कुंटणखाना चालवणारे, दलाल, गिऱ्हाईक, पोलिस अशा सगळ्यांशी बोलून साखळी मांडली. हरवलेल्या मुलांच्या नोंदी आणि तस्करी यांचा संबंधही त्यात दाखवला होता. आज हरवलेल्या मुलाचा गुन्हा लगेच नोंदवणं बंधनकारक आहे, आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास तस्करी कक्षाकडे जातो.

मला काळजी वाटते ती आकड्यांची. गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात जे दिसतं ते नोंदलेले गुन्हे. ज्या राज्यात पोलिस चांगलं काम करतात तिथले आकडे फुगतात, आणि जिथे नोंदच होत नाही ते राज्य "सुरक्षित" दिसतं. त्यापेक्षा मुली निघतात कुठून, याचा नकाशा उपयोगी पडतो. 2009 च्या आयला वादळानंतर सुंदरबनात खारं पाणी शेतात शिरलं, पुरुष कामासाठी बाहेर गेले आणि दलाल गावात आले. कुठल्या वर्षी कुठलं गाव उघडं पडलं आहे, हे कळलं तर आधीच पोहोचता येईल. पण ताई, त्याच मुलीला पाच संशोधक पाच वेळा तीच कहाणी सांगायला लावतात, हे थांबवायचं कसं?

पाऊलवाट

अभ्यासिका, आम्ही सरळ नकार देतो. फाइलमधली माहिती नावं काढून देतो, संस्थेची लेखी परवानगी असेल तर. मुलीला समोर बसवत नाही. तुझ्या मार्गदर्शकांना आधी आमच्याशी बोलायला सांग.

मेकाँगपार

बँकॉकमध्ये असतो. तस्करी म्हणजे फक्त देहविक्री नाही, हे या धाग्यात यायला हवं. इथून म्यानमारच्या म्यावाडीपर्यंत आपली शिकलेली मुलं नेली जातात. "डेटा एंट्री", "कस्टमर सपोर्ट", पगार भारतातल्या दुप्पट. थायलंडला पर्यटक म्हणून सहज जाता येतं, त्यामुळे विमानतळावर संशयही येत नाही. थायलंडच्या सीमेवरच्या मे सोतला नेतात, तिथली मोई नदी ओलांडली की पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीला बसवतात. नकार दिला तर मारहाण, विजेचे झटके, सुटायचं तर घरच्यांकडून पैसे. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून दोन दिवसांत 549 भारतीय परत आणले. महाराष्ट्रातली मुलंही या सापळ्यात होती, आणि महाराष्ट्र सायबरने त्याबद्दल इथल्या एजंटांना अटक केली.

ओळखीत कुणाला अशी नोकरी आली तर एवढं तपासा: एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, आणि कामाचा व्हिसा आहे की टुरिस्टवर बोलावताहेत. टुरिस्टवर नोकरी नसते. पोचल्यावर गाडी बँकॉकऐवजी उत्तर-पश्चिमेला निघाली तर वाटेतल्या पहिल्या पोलिस चौकीत उतरायचं आणि दूतावासाला फोन करायचा. तुमच्या मुली आणि ही मुलं यांना पाठवणारे एजंट निराळे असतील, पण पासपोर्ट काढून घेणं आणि खोटं कर्ज मानेवर ठेवणं अगदी तेच.

माहीमची_खाडी

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न किती अपुऱ्या माहितीवर होता, हे लक्षात आलं. आमच्यासारख्यांनी काय करावं? समोरच्या इमारतीत एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी घरकामाला आहे, ती कधी खाली उतरत नाही.

पाऊलवाट

आधी 1098 ला फोन करा. आपलं नाव सांगायचं बंधन नाही. स्वतः दार ठोठावू नका, मालकाला विचारायला जाऊ नका. ती रातोरात हलवली जाईल. काय पाहिलं, किती वाजता, कुठला मजला, एवढंच सांगा. सज्ञान व्यक्तीसाठी 112, महिलांसाठी 181.

हुगळीकाठ

धागा दोनदा वाचला. माझं बालपण कोलकात्यात गेलं, बंगाली मातृभाषेसारखी येते. आता पिंपरीत असते. हवालदार काकांनी दुभाष्याचं लिहिलं तेव्हापासून अस्वस्थ आहे. माझा काही उपयोग होईल का?

पाऊलवाट

नक्की होईल. काही गोष्टी आधीच सांगते. खुलनाची बोली कोलकात्याच्या बंगालीहून बरीच वेगळी आहे, पहिले काही दिवस ऐकण्यातच जातील. मुलगी म्हणेल तेच आणि तेवढंच मराठीत सांगायचं. "मला माहीत नाही" म्हणाली तर "माहीत नाही" असंच लिहायचं, तिच्या वतीने वाक्य पूर्ण करायचं नाही. स्वतःहून प्रश्न विचारायचा नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी. जबाबाखाली दुभाषी म्हणून तुमची सही असते, त्यामुळे पुढे न्यायालयात बोलावणं येऊ शकतं. घरच्यांना याची कल्पना देऊन ठेवा. आणि ऐकलेलं बाहेर कुठेही बोलायचं नाही, इथेही नाही.

एवढं चालत असेल तर तुम्हाला विपु (खाजगी निरोप) केला आहे, त्यात अर्ज आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडा. पोलिस पडताळणीला बरेच आठवडे जातात, तेव्हा या आठवड्यातच भरून पाठवा.